न हसायचं काम

माझी धाकटी बहीण अर्डिस साठी उलटल्यावर मॉडेल झाली, असं सांगितलं की माणूस आधी हसतो, मग मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि विचारतो, "सख्खी बहीण?" सख्खीच हो. आमच्या घरातली उंची सगळी तिने घेतली, माझ्या वाट्याला जीभ आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी व्हर्ना. मिनीआपोलिसमध्ये गेली सत्तावीस वर्षं कॅटलॉगच्या फोटोंसाठी कपडे सांभाळायचं काम करते. इस्त्री मारायची, सुटलेलं बटण लावायचं आणि मॉडेलच्या पाठीमागे उभं राहून चिमटे लावायचे. कॅटलॉगमधल्या बाईच्या अंगावर स्वेटर कसा बेतून शिवल्यासारखा बसलेला दिसतो ना, तो तिच्या मापाचा नसतोच मुळी. मागून मी आठ-दहा चिमट्यांनी आवळलेला असतो. पाठ कुणी बघत नाही, या भरवशावर आमचा अख्खा धंदा उभा आहे. चिमटे लावून झाले की मी कॅमेऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहते आणि मॉडेलला हसवते. ते काम मला कुणी सांगितलेलं नाही, मीच अंगावर ओढून घेतलंय. पोरी तोंड पाडून उभ्या राहिल्या की मला राहवत नाही. "अगं, स्वेटर घातलायस, सुतकात आलीयेस का?" असं म्हटलं की हसतात बिचाऱ्या.

अर्डिसचं आयुष्य वर उत्तरेला, टू हार्बर्स नावाच्या गावात गेलं, सरोवराच्या काठावर. चौतीस वर्षं एकाच खाणावळीत ती काउंटरच्या मागे उभी होती. तिचा नवरा ओरिन धक्क्यावर होता, लोखंडाचं खनिज बोटींत भरायच्या कामावर. मूलबाळ नाही. दोघं एकमेकांना इतकी पुरेशी होती की पाहुणा गेला तर त्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. मार्च महिन्यात एका सकाळी अंगणात ओरिनचं हृदय बंद पडलं, आणि संपलं. वर्षभराने अर्डिसने घर विकलं आणि दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली.

आली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. रडणं नाही, बोलणं नाही. हॉटडिश, म्हणजे आमच्याकडची खिमा-बटाटे एकत्र भाजलेली डिश, पुढे ठेवली तर खायची, ताट धुवायची, पुन्हा बसायची. तिचा तो चेहरा बघून मला भीती वाटायची. आणि मला भीती वाटली की ती तोंडावाटे बाहेर पडते. "अगं, जरा हास की. काय चेहरा करून घेतलायस." हे मी तिला दिवसातून किती वेळा म्हणत असेन, देव जाणे. मला वाटायचं, मी तिला ओढून बाहेर काढतेय.

एकटी ठेवायची भीती वाटायला लागली, म्हणून एक दिवस तिला सोबत स्टुडिओत घेऊन गेले. कोपऱ्यात बस, कॉफी पी, माणसं बघ, असं सांगितलं. आमच्याकडे मॉडेल यायच्या आधी उजेड कसा पडतोय हे बघायला कुणालातरी तिच्या जागी उभं करतात. कुणीही चालतं. त्या दिवशीचा फोटोग्राफर लाइल, माझ्या वीस वर्षांच्या ओळखीचा. तो अर्डिसला म्हणाला, "बाई, दोन मिनिटं इथे उभ्या राहता का? काही करायचं नाही." काही करायचं नाही म्हटल्यावर ती उभी राहिली. त्याने पाचसहा फोटो काढले. असले फोटो संध्याकाळी पुसून टाकायचे असतात. लाइलने पुसले नाहीत, पण ते मला फार पुढे कळलं.

तेव्हा कळलं ते वेगळंच. कॅटलॉगच्या कंपनीची बाई तिथे हजर होती. तिने विचारलं, ती उंच, पांढऱ्या केसांची कोण, आणि तिला हसता येतं का? मी तोंड उघडायच्या आत अर्डिस हसली. अगंबाई, काय हसली! गिऱ्हाइकाने दार उघडलं की काउंटरमागून येतं ते हसू, चौतीस वर्षं रोज घासून लखलखीत ठेवलेलं. पुढच्या आठवड्यात ती आंघोळीनंतर घालायच्या जाड झग्यात कॅमेऱ्यासमोर उभी होती आणि मी तिच्या मागे चिमटे लावत होते. डेनिस नावाच्या एजंटबाईने तिला आपल्या यादीत घेतलं.

ते वर्ष बरं गेलं, माझ्या मते. सूपचा डबा उघडणारी आजी अर्डिस, भट्टीतून पाव काढणारी अर्डिस, लोकरीचा गुंडा हातात घेऊन मांजराकडे बघणारी अर्डिस. मांजर भाड्याचं होतं आणि तिला चावलं, तरी दुसऱ्याच क्षणी ती पुन्हा हसत होती. घरी आल्यावर ती पुन्हा टेबलाशी बसायची, हे मी बघत होते. पण मी स्वतःला समजावायची, हसता हसता एक दिवस आतूनही हसेल. सवयीने सगळं येतं, असं माझं पक्कं मत होतं.

मग वसंताच्या तोंडावर एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या.

पहिली, कानाच्या मशीनची एक कंपनी. त्यांना तीन वर्षांसाठी एकच चेहरा हवा होता. टीव्हीवर, मासिकांत, बसच्या थांब्यांवर, सगळीकडे तीच बाई आणि तिच्याबरोबर तोच एक म्हातारा, नवरा म्हणून. सोमवारी त्यांनी अर्डिसला बोलावून सोफ्यावर त्या म्हाताऱ्याशेजारी बसवलं, दिवसभर फोटो काढले, आणि ती त्यांच्या मनात भरली. तीन वर्षं पक्की! आमच्या धंद्यात तीन आठवडे पक्के म्हणणाराही भेटत नाही. मी त्या रात्री रूबार्बच्या देठांचं गोड सारण भरलेला 'पाय' केला.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कहून आली. लाइलने ते उजेडाचे फोटो तिथल्या कुणाला तरी पाठवले होते. कोट बनवणारी मोठ्या नावाची फॅशन कंपनी. शरद ऋतूच्या कोटांसाठी त्यांना अर्डिस हवी होती, फोटोंनाही आणि शोमध्ये चालायलाही. पण त्यांच्या अटी होत्या. केस अगदी बारीक कापायचे. दात सरळ-पांढरे करून घ्यायचे नाहीत. वर्षभर हसण्याचं एकही काम घ्यायचं नाही, आणि तिच्या फोटोंच्या वहीतून हसरे फोटो सगळे काढून टाकायचे. डेनिसने ती वही माझ्या टेबलावर उघडून दाखवली. हसरे काढले तर मागे एकच फोटो उरत होता, तोही मांजर चावलं त्या क्षणाचा.

डेनिस स्पष्ट बोलणारी आहे, म्हणून मला आवडते. तिने सांगितलं की दोन्ही होणार नाही. बसच्या थांब्यावर कानात मशीन घालून हसणारी बाई न्यूयॉर्कवाल्यांना चालत नाही, आणि टक्कल केलेल्या बाईला कानाचं मशीन विकायला कुणी घेत नाही. शिवाय दोघांनी एप्रिलचा तोच आठवडा मागितला होता. आमच्याकडे रीत अशी की ज्याने आधी दिवस मागितले त्याचा पहिला हक्क. दुसरा जर म्हणाला की मी आत्ता पक्कं करतो, तर पहिल्याला आणि मॉडेलला दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही सांगावं लागतं. एकदा सांगितलं की फिरवायचं नाही. तो शब्द फिरवणाऱ्या मॉडेलला पुन्हा कुणी फोन करत नाही.

गुरुवारी न्यूयॉर्कची माणसं कोट अंगावर घालून बघायला लाइलच्या स्टुडिओत आली. फोटो काढणारी इमोजेन नावाची पोरगी होती, तिशीची असेल. अंगावर सगळं काळं, आणि आवाज इतका हळू की तिला स्वतःला तरी ऐकू येत असेल की नाही, कोण जाणे. कोट बघितला आणि मी कपाळाला हात लावला. राखाडी, लांबलचक, खांदे कोपरापर्यंत उतरलेले. त्यात अर्डिससारख्या दोघी मावल्या असत्या. ती माणसं दिव्यांत गुंतली होती. मी माझा डबा काढला आणि अर्डिसच्या मागे उभी राहून चौदा चिमटे लावले. कुणी सांगितलं नव्हतं, पण सत्तावीस वर्षांत मला कुणी सांगावं लागलेलं नाही. पुढून कोट काय सुरेख बसला म्हणून सांगू!

इमोजेनने पुढून दोन फोटो काढले, जरा कपाळाला आठी घातली, आणि अर्डिसला म्हणाली की भिंतीपर्यंत चालत जा, वळ आणि परत ये.

अर्डिस वळली. पाठभर चिमटे.

एका पोराच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला. इमोजेनने कॅमेरा खाली केला आणि अगदी हळू विचारलं, "हे काय आहे?"

"माप," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? मला काय माहीत, फॅशनवाले पाठसुद्धा बघतात म्हणून.

अर्डिसने हात मागे नेला. एक चिमटा चाचपला, दुसरा चाचपला, तिसरा, आणि ती हसायला लागली. काउंटरवरचं नाही. आम्ही लहान असताना चर्चमध्ये कुणाचं पोट वाजलं की हसायची, ते. गुडघ्यांवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, नाक ओढत. ओरिन गेल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की माझेही डोळे भरले. मनात म्हटलं, आता काढ बाई फोटो, असलं हसू परत मिळायचं नाही.

इमोजेनने कॅमेरा उचलला नाही. ती म्हणाली, "घाई नाही. होऊ दे ते." आणि उभी राहिली. तिची माणसंही उभी राहिली. अर्डिसचं हसू हळूहळू ओसरलं, मध्येच एकदा उसळलं, पुन्हा ओसरलं. तिने डोळे पुसले. चिमटे निघाले, कोट खाली लोंबला. तोंडाच्या कडेला थोडं हसू राहिलं होतं, तेही गेलं. तरी ती पोरगी थांबलीच. आणि मग अर्डिसचा चेहरा तसा झाला, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी असतो तसा. तेव्हा इमोजेनने कॅमेरा डोळ्याला लावला.

ती कशासाठी थांबली होती हे मला कळलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. काम संपेपर्यंत मी दात आवळून बसले, पण गाडीत बसल्या बसल्या सुटले. "ओरिन गेल्याचा फोटो काढतायत ते, कळतंय का तुला? तुझं दुःख अंगावर यावं म्हणून वाट बघत होते. कोट विकायला! काळे कपडे घालून फिरणारी गिधाडं नुसती." बरंच बोलले. अर्डिस खिडकीबाहेर बघत होती. घरी पोचलो तर डेनिसचा निरोप: न्यूयॉर्कवाले पक्कं करतायत, उद्या बाराच्या आत उत्तर.

शुक्रवारी सकाळी मी ओटमील केलं, ब्राउन शुगर घातली आणि तिच्या समोर बसले. माझं भाषण तयार होतं. तीन वर्षांचं काम. शहर सोडायला नको. मी मागे उभी आहेच. आणि रोज हसायचं, यात तुझंच भलं आहे. न्यूयॉर्कवाले दोन हंगामांत विसरतील, तेव्हा ना केस असतील ना काम. हे सगळं मी एका दमात सांगितलं.

तिने मला बोलू दिलं. मग चमचा वाडग्यात ठेवला.

"सोमवारी त्यांनी मला त्या माणसाच्या हातावर हात ठेवायला सांगितलं," ती म्हणाली. "चांगला आहे बिचारा. दर वेळी आधी हात पुसायचा. मी हात ठेवला आणि हसले. सगळा दिवस तेच. तीन वर्षं तेच करायचं आहे, व्हर्ना."

"काम आहे ते. चौतीस वर्षं नाही केलंस?"

"केलं की. ओरिनला पुरलं त्याच्या चौथ्या दिवशी मी काउंटरवर होते. सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली, सगळ्यांकडे बघून हसले. हसले नाही तर लोकांना जेवण जात नाही. सगळे म्हणाले, किती धीराची बाई. तूसुद्धा म्हणालीस, फोनवर."

मी म्हणाले होते. मला अभिमान वाटला होता तिचा, आणि तो मी तिला ऐकवलाही होता.

"काल ती पोरगी थांबली," अर्डिस म्हणाली. "तू गाडीत ओरडत होतीस तेव्हा मी तोच विचार करत होते. माझा चेहरा माझ्यापाशी परत येईपर्यंत ती थांबली. मला बरं वाटलं गं. इतक्या दिवसांत कुणीच थांबलं नव्हतं."

"ती कोट विकायला थांबली, अर्डी. तुझ्यासाठी नाही. तो चेहरा विकणार आहेत ते."

"विकू देत. हसू विकलं तेव्हा तुला कधी काही वाटलं नाही."

तरी शेवटचं म्हणून मी म्हणाले की दोन हंगाम, फार तर दोन.

"दोन तर दोन," ती म्हणाली. "तेवढे दिवस मला कुणी हास म्हणणार नाही."

ते तिने कानाच्या मशीनवाल्यांना उद्देशून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसती बघत होती. मला आठवलं, आदल्याच दिवशी गाडीत बसताना, तेवढं सगळं बघूनही, मी तिला म्हणाले होते, "आता तरी तोंड सरळ कर." मला इतकी लाज वाटली की मी उठून नळ सोडला आणि एक धुतलेला कप पुन्हा धुतला.

पावणेबाराला फोन मीच केला. तिने करायला हवा होता, पण ती म्हणाली, तू कर, तुझा आवाज पोचतो. डेनिसने ऐकून घेतलं, मोठा श्वास सोडला आणि विचारलं, "व्हर्ना, तुझं काय मत आहे?"

"माझं मत कुणी विचारलेलं नाही," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लोक तेच विचारतात. केस कापले, आणि तिचं डोकं इतकं सुबक निघालं की माझा चडफडाट झाला. कोटांचे फोटो छापून आले. शोमध्ये ती पन्नास पावलं चालली, पडली नाही. दोन नव्हे, तीन हंगाम तिला बोलावलं, मग फोन थांबला. कानाचं मशीन आता दुसरीच एक बाई लावते. आमच्या बसथांब्यावर आहे ती, दात चांगले आहेत. अर्डिस तिला रोज बघते आणि कधी एक अक्षर बोललेली नाही. पण मला यातलं काहीच सांगायचं नव्हतं. मला त्या शुक्रवारचं सांगायचं होतं, फोन ठेवल्यानंतरचं.

मी परत आले तर ती तशीच बसली होती, तोच चेहरा घेऊन. ओटमील गार झालं होतं. माझ्या जिभेवर ते वाक्य सवयीने आलंच, अगदी टोकापर्यंत. मी ते गिळलं. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, समोर नाही, शेजारी. काय करावं कळेना. हात रिकामे असले की मला काही सुचत नाही. आणि बसल्या बसल्या मला जाणवलं की ओरिन गेल्याची खबर आली तेव्हापासून आजपर्यंत, त्या सकाळी अंगणात नेमकं काय झालं, हे मी तिला एकदाही विचारलेलं नाही. पुरायला गेले, सँडविचं केली, भांडी घासली, तिला धीराची म्हणाले आणि परत आले. विचारलं तर रडेल, अशी मला भीती होती.

"अर्डी," मी म्हणाले, "ओरिन शेवटचं काय बोलला होता?"

मी थांबले. मला थांबणं जमत नाही, पण थांबले.

"मला कामावर जायला उशीर झाला होता," ती म्हणाली. "तो म्हणाला, तू बस, कॉफी संपव. तुझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ मी खरवडतो."